धावत्या लक्ष्यावर नेम : एका गाजलेल्या उदाहरणाची उलटतपासणी

एनसीईआरटीच्या २००६ सालच्या अकरावीच्या भौतिकशास्त्राच्या पुस्तकात, प्रतलातील गतीच्या प्रकरणाअखेर, विमान आणि तोफ यांचे एक उदाहरण आहे. शिकवण्यांमध्ये आणि प्रवेशपरीक्षांच्या तयारीत ते इतक्या वेळा घोटले गेले आहे की अनेक मुलांना त्याचे उत्तर तोंडपाठ असते. उदाहरण थोडक्यात असे. १.५ किलोमीटर उंचीवरून ताशी ७२० किलोमीटर वेगाने एक विमान सरळ, क्षितिजसमांतर चालले आहे. ते विमानविरोधी तोफेच्या बरोबर डोक्यावर आले आहे. तोफगोळा नळीतून सेकंदाला ६०० मीटर वेगाने सुटतो. तोफ उभ्या रेषेशी किती कोन करून डागावी? आणि मार चुकवायचा असेल तर वैमानिकाने निदान किती उंचीवरून उडावे? उत्तरे : सुमारे १९.५ अंश आणि १६ किलोमीटर.

हे उदाहरण चांगले आहे, असे आमचे मत आहे. पण ते जितके शिकवू शकते त्याच्या निम्मेही आपण त्यातून शिकवत नाही. आणि त्याचे दुसरे उत्तर तर, आमच्या मते, सरळसरळ चुकीचे आहे. म्हणून हा लेखप्रपंच.

आधी गुण

धावत्या वस्तूवर गोळी झाडायची तर नेम वस्तूवर धरून चालत नाही; तो तिच्या पुढे धरावा लागतो. गोळी तिथे पोहोचेपर्यंत वस्तू पुढे सरकलेली असते. हे आपल्या मुलांना पुस्तकाआधीच ठाऊक असते. धावत्या गड्याला चेंडू मारताना किंवा धावणाऱ्या भिडूकडे पास देताना ती चेंडू त्याच्या पुढेच टाकतात. किती पुढे, हाच काय तो प्रश्न. या पुढे धरलेल्या अंतराला आपण ‘आघाडी’ म्हणू.

पुस्तकातील युक्ती अशी. गोळ्याच्या वेगाचा क्षितिजसमांतर घटक विमानाच्या वेगाएवढा ठेवा. मग गोळा वर जाताना सतत विमानाच्या बरोबर खालीच राहील आणि त्या उंचीवर पोहोचला की विमानाला भेटेल. विमानाचा वेग सेकंदाला २०० मीटर, गोळ्याचा ६००. म्हणून कोनाचे साइन २०० भागिले ६००, म्हणजे एक-तृतीयांश. झाले उत्तर.

यात एक सुंदर गोष्ट लपली आहे आणि ती वर्गात सांगायची राहून जाते. पहिल्या उत्तरात १.५ किलोमीटर ही उंची कुठेही वापरावी लागली नाही. गुरुत्वत्वरणही लागले नाही. विमान एक किलोमीटरवर असो की पाचवर, कोन तोच. म्हणजे आघाडी मीटरमध्ये मोजली तर ती अंतराप्रमाणे वाढते. कोनात मोजली तर ती अंतरावर अवलंबून नसते. दोन वेगांचे गुणोत्तर कळले की काम झाले.

आता हाच विचार जमिनीवर आणू. खारघर-पनवेलच्या खाडीकाठच्या कांदळवनात अजून कोल्हे आहेत. त्यांच्यावर बंदूक रोखण्याचा प्रश्नच नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे आणि ती योग्यच आहे. पण कागदावर उदाहरण मांडायला हरकत नाही. समजा, कोल्हा आपल्या समोरून आडवा, सेकंदाला १० मीटर वेगाने पळतो आहे आणि रायफलीची गोळी सेकंदाला ८०० मीटर वेगाने जाते. गुणोत्तर एक-ऐंशीअंश, म्हणजे कोन जेमतेम ०.७ अंश. शंभर मीटरवर गोळीला एक-अष्टमांश सेकंद लागतो, तेवढ्यात कोल्हा सव्वा मीटर जातो. दोनशे मीटरवर अडीच मीटर. आघाडी दुप्पट झाली, कोन मात्र तोच राहिला.

त्याच एक-अष्टमांश सेकंदात गुरुत्वाकर्षणाने गोळी किती खाली येते? पावणेआठ सेंटिमीटर. प्रक्षेप्याच्या प्रकरणात आपण गोळीच्या या खाली येण्यावर तासच्या तास घालवतो. लक्ष्य धावत असेल तर त्याच्या सोळा पट मोठी गोष्ट आडव्या दिशेला घडत असते.

कोल्हा आडवा न पळता तिरका पळत असेल तर? मग त्याच्या वेगाचा आपल्या दृष्टिरेषेला आडवा असलेला घटकच मोजायचा. दृष्टिरेषेशी ४५ अंशांत पळत असेल तर शंभर मीटरवर आघाडी सव्वा मीटरऐवजी सुमारे ८८ सेंटिमीटर, ३० अंशांत असेल तर सुमारे ६३. सरळ आपल्याकडे किंवा आपल्यापासून दूर पळत असेल तर शून्य. पुस्तकातले विमान बरोबर डोक्यावर आहे, म्हणजे दृष्टिरेषा आणि विमानाची दिशा यांत काटकोन आहे. हा सर्वांत सोपा, खास प्रसंग आहे, हे मुलांना सांगितले पाहिजे. नाहीतर ‘वेगांचा भागाकार करायचा’ एवढेच डोक्यात राहते.

याच ठिकाणी शिकारी आणि माकड यांच्या जुन्या उदाहरणाशी तुलना करून पाहावी. तिथे माकड फांदी सोडते आणि त्याच क्षणी गोळी सुटते. नेम थेट माकडावर धरला तरी गोळी लागते. मग विमानाच्या बाबतीत पुढे का धरायचा? माकड आणि गोळी दोघांवर गुरुत्वाकर्षण सारखेच काम करते, म्हणून एकमेकांच्या तुलनेत त्याचा परिणाम उरत नाही. विमानाचा वेग मात्र फक्त विमानाचा आहे, गोळ्याने त्यात वाटा घेतलेला नाही. तो नळी तिरकी करून गोळ्याला द्यावा लागतो. सापेक्ष वेगाचे मर्म या दोन उदाहरणांच्या जोडीत आहे. ती वेगवेगळ्या दिवशी शिकवली तर ते निसटते.

वैमानिक खरोखर सुरक्षित आहे का?

आता दुसऱ्या प्रश्नाकडे वळू. पुस्तकाचे गणित असे : १९.५ अंशांत डागलेल्या गोळ्याच्या वेगाचा उभा घटक सेकंदाला सुमारे ५६६ मीटर. गुरुत्वत्वरण १० धरले तर तो १६ किलोमीटर चढतो. म्हणून वैमानिकाने १६ किलोमीटरच्या वर राहावे.

पण तोफखान्यावरच्या माणसांनी विमान डोक्यावर येईपर्यंत हातावर हात धरून का बसावे? तेच गणित पुन्हा करा, पण तोफ सरळ उभी ठेवून. वेग ६००, म्हणून उंची १८ किलोमीटर. समजा वैमानिक पुस्तकावर विश्वास ठेवून १७ किलोमीटरवरून निघाला. उभा डागलेला गोळा त्या उंचीवर सुमारे ४६ सेकंदांत पोहोचतो. तेवढ्या वेळात विमान नऊ किलोमीटरांहून थोडे अधिक जाते. म्हणजे विमान तितके अलीकडे असतानाच तोफ डागली की दोघांची गाठ तोफेच्या बरोबर माथ्यावर पडते. पुस्तकाप्रमाणे सुरक्षित असलेला वैमानिक मारला जातो!

खरे उत्तर १८ किलोमीटर आहे. १६ हे उत्तर फक्त ‘तोफ विमान डोक्यावर असतानाच डागता येते’ अशी अट घातली तर बरोबर ठरते, आणि तशी अट घालण्याचे काही कारण नाही. ही किरकोळ चूक नव्हे. ‘आधी ओळखून पुढे नेम धरणे’ हाच उदाहरणाचा गाभा आहे, आणि दुसऱ्या भागात पुस्तक तोच विसरले आहे. पहिल्या भागात काढलेला कोन दुसऱ्या भागात तसाच वापरण्याची सवय मुलांना लागलेली असते. पुस्तकालाही ती लागलेली दिसते. एखाद्या चुणचुणीत मुलीने वर्गात हा आक्षेप घेतला तर आपण तिला ‘उत्तरसूचीत १६ आहे’ असे सांगून खाली बसवणार की फळ्याशी बोलावणार, यावर आपले शिकवणे जोखावे.

सत्तावन्न सेकंद सरळ

दुसरा आक्षेप वेळेचा आहे. पहिल्या भागात गोळा १.५ किलोमीटरवर जायला २.७ सेकंद लागतात. तेवढ्यात विमान सुमारे ५४० मीटर जाते. इतका वेळ ते सरळ चालेल हे मानायला हरकत नाही. पण १६ किलोमीटर चढायला त्याच गोळ्याला जवळजवळ ५७ सेकंद लागतात आणि विमान ११ किलोमीटरांहून अधिक पुढे जाते. खाली तोफा धडधडत असताना कोणता वैमानिक मिनिटभर रेषा आखल्यासारखा सरळ जाईल? एवढ्या वेळात त्याने किंचित वळण घेतले तरी सगळे गणित फुकट.

हा आक्षेप पुस्तकी नाही. दुसऱ्या महायुद्धात नेमका हाच प्रश्न अमेरिकन गणिती नॉर्बर्ट वीनर यांच्यापुढे आला. विमानाचा आतापर्यंतचा मार्ग पाहून ते पुढे कुठे असेल याचा अंदाज बांधायचा, आणि मार्ग वाकडातिकडा असेल तर तो अंदाज संख्याशास्त्राने सुधारायचा. ज्युलियन बिगेलो या अभियंत्यासह त्यांनी यावर काम केले. त्यांचे यंत्र युद्धात वापरले गेले नाही. पण माणूस आणि यंत्र दोघेही झालेली चूक पाहून पुढची कृती सुधारतात, या विचाराला त्यातून बळ मिळाले आणि १९४८ साली वीनर यांचे ‘सायबरनेटिक्स’ हे पुस्तक आले. एका ओळीच्या सूत्रामागे उभा असलेला हा इतिहास मुलांना दोन मिनिटांत सांगता येतो. लक्ष्याला स्वतःची इच्छा असली की भागाकार पुरत नाही, हे त्यांच्या लक्षात येते. कोल्हाही सरळ पळत नाही.

मंदावलेल्या गोळ्या

त्याच पुस्तकात बंदुकीच्या गोळीचे आणखी एक उदाहरण आहे. ३० अंशांत झाडलेली गोळी ३ किलोमीटरवर पडते. कोन बदलून ५ किलोमीटरवरचे लक्ष्य गाठता येईल का? उत्तर : नाही, कमाल पल्ला साडेतीन किलोमीटरांच्या आतच. हवेचा विरोध सोडून द्यायला पुस्तकाने सांगितले आहे. पण त्या गोळीचा वेग किती, हे सहसा कोणी काढून पाहत नाही. काढा : सेकंदाला सुमारे १८६ मीटर. हा वेग छऱ्याच्या हवाई बंदुकीचा झाला. खऱ्या रायफलीची ८०० मीटरची गोळी निर्वातात झाडली तर ती ६४ किलोमीटर जाईल! प्रत्यक्षात हवेमुळे ती चार-पाच किलोमीटरांच्या आसपासच पडते.

म्हणजे हवेला वगळल्यामुळे येणारे अवाढव्य उत्तर टाळण्यासाठी गोळीचाच वेग कमी केला आहे. आकडा दिसायला खरा वाटतो, पण तो ज्या कारणाने खरा वाटतो तेच कारण लपवले जाते. उलट ६४ किलोमीटर हे हास्यास्पद उत्तर मुलांच्या समोर येऊ द्यावे; ‘हवा काय करते?’ हा प्रश्न त्यांच्याच तोंडून येईल.

सापेक्ष वेगाच्या आणखी एका उदाहरणात पोलिसांची गाडी ताशी ३० किलोमीटरने जात असते आणि चोराची ताशी १९२ ने. गोळीचा वेग सेकंदाला १५०. उत्तर १०५ मीटर प्रतिसेकंद बरोबर येते. पण ताशी ३० ने पाठलाग करणारे पोलीस पाहून मुंबई-पुणे द्रुतगती मार्गालगत राहणाऱ्या आमच्या मुलांना हसू येते, आणि त्यांचे काही चुकत नाही.

हवेचा आघाडीवरही परिणाम होतो. गोळी वाटेत मंदावते. दोनशे मीटरच्या प्रवासात तिचा सरासरी वेग ७०० धरला तर कोल्ह्याची आघाडी अडीच मीटरऐवजी सुमारे २.९ मीटर होते. कोन अंतरावर अवलंबून नसतो हे आपण वर कौतुकाने सांगितले. ते निर्वातात खरे. हवेत तो अंतराबरोबर हळूहळू वाढतो. नियम आणि त्याची मर्यादा दोन्ही एकाच तासात सांगाव्यात.

बोटाचा उशीर

सर्वांत मोठा आक्षेप शेवटी. या सगळ्या उदाहरणांत बंदूक आहे, गोळी आहे, पण माणूस नाही. ‘आता’ असे डोक्यात आल्यापासून बोटाने चाप ओढेपर्यंत सुमारे ०.२ सेकंद जातात. तेवढ्यात आपला कोल्हा २ मीटर पळतो. शंभर मीटरवर गोळीच्या प्रवासासाठी लागणारी आघाडी सव्वा मीटर, आणि बोटाच्या उशिराची चूक दोन मीटर! पुस्तक ज्याचा हिशेब शिकवते त्याहून जे सोडून देते तेच मोठे आहे. विमानाच्या उदाहरणात हीच चूक ४० मीटर होते.

मग धावत्या लक्ष्यावर नेम लागतो तरी कसा? कसलेला नेमबाज पुढची एक जागा धरून कोल्ह्याची वाट पाहत नाही. तो नळी कोल्ह्याबरोबर फिरवत नेतो, हवी तेवढी आघाडी ठेवतो आणि नळी फिरती असतानाच चाप ओढतो. गोळी सुटल्यावरही क्षणभर फिरवणे थांबवत नाही. नळी आणि कोल्हा यांतले अंतर कायम राहिले की बोटाला ०.२ सेकंद लागले काय आणि ०.३ लागले काय, फरक पडत नाही. चाप ओढताना हात थांबला की मात्र तो सगळा उशीर चुकीत जमा होतो. नवख्यांची गोळी बहुधा लक्ष्याच्या मागे जाते त्याचे एक मोठे कारण हे. सापेक्ष वेगाचे याहून चांगले उदाहरण शोधून सापडणार नाही.

कोणी विचारील, फिरत्या नळीमुळे गोळीला आडवा वेग मिळत नाही का? मिळतो, पण नगण्य. शंभर मीटरवरच्या कोल्ह्याबरोबर फिरणारे मीटरभर लांब नळीचे टोक सेकंदाला फक्त १० सेंटिमीटर सरकते. गोळी पोहोचेपर्यंत त्याचा परिणाम सव्वा सेंटिमीटर. हे गणित मुलांना घरी करायला द्यावे.

खेळातही हे दिसते. पनवेलला सुमा शिरूर यांचा लक्ष्य शूटिंग क्लब आहे. २००४ साली अथेन्स ऑलिंपिकमध्ये त्या ज्या १० मीटर एअर रायफल प्रकाराच्या अंतिम फेरीत खेळल्या, त्यात लक्ष्य स्थिर असते आणि दहा गुणांचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा. तिथे सारी कसोटी शरीर निश्चल ठेवण्याची. १९९२ ते २००४ या काळात ऑलिंपिकमध्ये धावत्या लक्ष्याचाही १० मीटरचा प्रकार होता. दोन मीटरच्या मोकळ्या पट्ट्यातून लक्ष्य सरकत जाई. सावकाश फेरीत ५ सेकंद, जलद फेरीत २.५ सेकंद. म्हणजे जलद फेरीत वेग सेकंदाला ८० सेंटिमीटर. छऱ्याचा वेग १७५ मीटर धरला तर आघाडी साडेचार सेंटिमीटरांच्या आसपास, सावकाश फेरीत तिच्या निम्मी. एकाच खेळाच्या या दोन शाखा. एकीत हात थांबवायचा, दुसरीत थांबू द्यायचा नाही.

मग शिकवायचे कसे?

बंदूक आणि तोफ बाजूला ठेवून दोन चेंडू घ्यावेत. मैदानावर फक्कीने एक रेषा आखा. एका मुलाने रेषेवरून चेंडू सेकंदाला साधारण २ मीटर वेगाने घरंगळत सोडावा. दुसऱ्याने रेषेपासून ६ मीटरवर उभे राहून आपला चेंडू सेकंदाला ६ मीटर वेगाने घरंगळत त्यावर मारावा. वेग ठरलेले अंतर आणि मोबाइलमधले घड्याळ वापरून मोजता येतात. गुणोत्तर पुन्हा एक-तृतीयांश, म्हणजे कोन तोच १९.५ अंश. आघाडी सुमारे २.१ मीटर. मग ३ मीटरवरून मारून पाहा. आघाडी निम्मी, कोन तोच. विमानाचे उदाहरण मातीत उतरले!

त्यानंतर एक बदल करा. चेंडू ठरलेल्या खुणेवर आला की शिट्टी वाजवा आणि शिट्टी ऐकून मारायला सांगा. बहुतेक चेंडू मागे जातील. मुले आधी स्वतःच्या नेमाला दोष देतील. त्यांना उशिराचा हिशेब करायला लावा. गवतावर चेंडू मंदावतात, तेव्हा हवेच्या विरोधाची गोष्टही तिथेच निघते.

आणि एक अखेरचे, जे आम्हांला सर्वांत महत्त्वाचे वाटते. मुंबई-गोवा महामार्ग पनवेलपासून सुरू होतो. तो आणि त्याच्यासारखे रस्ते ओलांडून कितीतरी मुले शाळेत येतात. रस्ता ओलांडणारे मूल हेच गणित उलट्या बाजूने करीत असते : गाडी आणि मी एकाच वेळी एकाच जागी येऊ नये. सात मीटर रुंद रस्ता चालत ओलांडायला सुमारे सहा सेकंद लागतात. ताशी ४० ने येणारी गाडी तेवढ्यात ६५ मीटर येते, ताशी ८० ने येणारी १३० मीटर. शंभर मीटरवरची गाडी पहिल्या वेळी वाट देते, दुसऱ्या वेळी देत नाही; दिसायला दोन्ही सारख्याच लांब. लंडन विद्यापीठाच्या रॉयल हॉलोवे महाविद्यालयातील संशोधकांनी २०११ साली दाखवून दिले की ताशी सुमारे ३२ किलोमीटरपेक्षा वेगाने येणाऱ्या वाहनाचा वेग प्राथमिक शाळेतील मुलांना नीट जोखताच येत नाही. तो त्यांचा निष्काळजीपणा नाही. त्यांची दृष्टी अजून तितकी तयार झालेली नसते. म्हणून लहानांनी मोठ्यांचा हात धरूनच रस्ता ओलांडावा, आणि मोठ्या मुलांनी अंतर नव्हे तर सेकंद मोजायला शिकावे.

एकोणीस पूर्णांक पाच अंश हे उत्तर परीक्षेनंतर विसरले तरी चालेल. पण येणारी वस्तू आत्ता कुठे आहे यापेक्षा ती आपल्यापर्यंत किती वेळात येईल, हे विचारण्याची सवय मुलाला लागली, तर त्या विमानाच्या उदाहरणाचे सार्थक झाले असे आम्ही म्हणू. तेवढे १६ चे मात्र १८ करून घ्यावे.